शून्य मीटरवरचा डेपो

आमच्या साहेबांना ऑफिसात सगळे 'किंचित' म्हणतात. अर्थात पाठीमागे. शहरात काहीही नवीन बांधायचं ठरलं, दवाखाना असो, मॉल असो, शाळा असो, की त्याने आसपासच्या रस्त्यांचं काय होईल याचा एक अहवाल लागतो, आणि तो आमची कंपनी लिहून देते. प्रत्येक अहवालाच्या शेवटी साहेबांच्या हातचं एक वाक्य ठरलेलं असतं: 'परिसरातील वाहतुकीत किंचित वाढ अपेक्षित आहे.' क्रिकेटचं मैदान झालं तेव्हा किंचित. घाऊक बाजार हलवला तेव्हाही किंचित. उद्या कुणी चौकात विमानतळ आणून ठेवला तरी साहेब किंचितच लिहितील आणि वर सही ठोकतील.

मी तिथे रस्त्यावरची गर्दी मोजते. चौकातल्या खांबांवर कॅमेरे लावायचे, त्यात दिसलेली वाहनं मोजायची आणि सगळ्यांच्या मोटारी करायच्या. स्कूटर म्हणजे अर्धी मोटार, बस म्हणजे तीन मोटारी. बसला माणसं लोंबकळत असोत की आत एकटा ड्रायव्हर असो, ती तीनच मोटारी. पायी चालणारा माणूस आमच्या तक्त्यात 'अडथळे' नावाच्या रकान्यात जातो. एकदा कॅमेऱ्यात माझी भाची शाळेतून येताना दिसली, दप्तर एका खांद्यावर, बुटाची नाडी सुटलेली. तिलाही मी त्याच रकान्यात टाकलं, आणि नंतर बराच वेळ तोंडाची चव गेल्यासारखं झालं.

तर महापालिकेने ठरवलं की शहराच्या मधोमध असलेला जुना बस डेपो पाडायचा आणि त्या जागेवर घरं बांधायची. डेपो जाणार शहराच्या पार टोकाला, कचरा टाकतात त्याच्याही पुढे. घरं दोन तऱ्हेची. पुढच्या बाजूला उंच टॉवर, त्यात चार-चार खोल्यांचे फ्लॅट आणि प्रत्येक फ्लॅटमागे दोन गाड्यांची जागा. मागच्या बाजूला एकेका खोलीची छोटी घरं, गाडीला जागा नाही, ज्यांना शहरात दुसरं काही परवडत नाही त्यांच्यासाठी. छोट्या घरांची सोडत निघाली आणि त्यात डेपोमागच्या चाळवजा क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बस कामगारांना आधी मान मिळाला. माझा धाकटा भाऊ बसचा ड्रायव्हर आहे. सोडतीत त्याचं नाव लागलं.

त्याची क्वार्टर मी लहान मुलांच्या वाढीसारखी वर्षानुवर्षं बघत आलेय, फक्त ती उलट्या दिशेने वाढते. एकच खोली. तिची मागची भिंत आणि बस धुण्याच्या धक्क्याची भिंत एकच. दिवसभर पलीकडून पाण्याचा फवारा बसतो आणि अलीकडे भिंतीवर काळपट ओल चढत जाते. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलेलं, त्यामुळे खोली आणखी लहान. चादरींना डिझेलचा वास. माझी भाची तिथे सतत खोकते आणि तिला त्या खोकल्याचं काही वाटत नाही, इतका तो घरातला झालाय.

सोडत लागली त्या आठवड्यात मी गेले, तर भावजय जमिनीवर खडूने रेघा मारत होती. नव्या घराची लांबी-रुंदी तिने कुणाकडून तरी आणली होती आणि जुन्या खोलीतच नवं घर आखून बघत होती.

"ताई, तुम्ही आता जिथे उभ्या आहात ना, तिथे हिचं टेबल," ती म्हणाली. "आणि कपाट भिंतीला चिकटून ठेवायचं. अगदी चिकटून."

"कपाट भिंतीला चिकटून ठेवायची एवढी हौस मी कुणाला पाहिली नाही," मी म्हटलं.

"तुमच्या भिंती कोरड्या आहेत, तुम्हाला काय कळणार," ती हसून म्हणाली. भाची खडूच्या रेघेवरून एक पाय पुढे, एक पाय मागे टाकत चालत होती. भाऊ दारात बसून बूट पुसत होता आणि ऐकत नसल्याचं सोंग करत होता, पण कान आमच्याकडेच होते.

या वसाहतीचा वाहतुकीचा अहवाल आमच्याच कंपनीकडे आला, यात नवल काही नाही. शहरातले असले सगळे अहवाल आमच्याकडेच येतात, कारण साहेबांचं 'किंचित' सगळ्यांच्या सोयीचं असतं.

आमच्याकडे अहवाल वाटून लिहितात. चौकाचं प्रकरण एकाने, पार्किंगचं दुसऱ्याने, बसचं तिसऱ्याने. मग सगळी एकामागे एक जोडायची आणि वर चकचकीत वेष्टन घालायचं. आपलं सोडून दुसऱ्याचं प्रकरण कुणी वाचत नाही. अख्खा अहवाल सलग वाचणारा माणूस मी या धंद्यात पाहिलेला नाही. मीही वाचत नव्हते. या वेळी मात्र हरकतींच्या सुनावणीला उभं राहून उत्तरं द्यायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं, म्हणून मी तो पहिल्यापासून वाचायला घेतला.

चौथं प्रकरण साहेबांचं. त्यात लिहिलं होतं की डेपो शहराबाहेर गेल्यामुळे बसची ये-जा थांबेल, प्रत्येक बस म्हणजे तीन मोटारी, त्यामुळे चौक चांगलाच मोकळा होईल. ठीक. सहावं प्रकरण साहेबांच्या मेव्हण्याचं. त्यात लिहिलं होतं की इथे राहायला येणारे लोक स्वतःची वाहनं फारशी काढणार नाहीत, कारण बसची सोय अगदी दाराशी आहे, त्यामुळे वाहनांच्या फेऱ्यांत मोठी कपात धरली आहे. मी मागे जाऊन चौथं पुन्हा वाचलं. मग पुन्हा सहावं.

ही कपात कशी धरतात ते सांगते. मोठं बसस्थानक वस्तीपासून जितकं जवळ तितकी कपात जास्त. मेव्हण्याने नकाशावर वसाहतीच्या जागी ठिपका ठेवला आणि संगणकाला विचारलं, सगळ्यात जवळचा डेपो किती लांब आहे. संगणकाने उत्तर दिलं, शून्य मीटर. याहून जवळ काही असूच शकत नाही, म्हणून त्याने कपातही सगळ्यात मोठी दिली. संगणकाचं काही चुकलं नव्हतं. डेपो त्या ठिपक्याखालीच होता. तो पाडूनच तर घरं व्हायची होती.

मी आधी हसले. एकटीच, मोठ्याने. मग हसू ओसरलं. हजारो माणसं तिथे राहायला येणार, दाराशी बस आहे असं कागदावर दाखवून, आणि बस शहराच्या पार टोकाला. या अहवालावर पाच जणांच्या सह्या होत्या. पाचही शिकलेले, चष्मेवाले, मुलांना चांगल्या शाळेत घालणारे लोक. खोटं बोलायचे कष्टसुद्धा कुणी घेतले नव्हते. नुसतं वाचलं नव्हतं.

साहेबांकडे गेले तेव्हा ते टेबलावर जुन्या अहवालाचं पान पसरून त्यावर नखं कापत होते.

"सर, डेपो जाणार आहे."

"हो, चौथ्या प्रकरणात आहे की."

"आणि सहाव्या प्रकरणात तो राहणार आहे."

नेलकटर थांबलं. "कोण म्हणतं?"

"तुमचे मेव्हणे."

त्यांनी अहवाल पुढे ओढला, सहावं प्रकरण चाळलं, आणि मला वाटलं होतं तसं त्यांचं तोंड पडलं नाही. उलट थोडं कौतुकानेच बघत राहिले. "शून्य," ते म्हणाले. "मी म्हणतच होतो, एवढी कपात कशी काय मिळाली."

"हे दुरुस्त करायला हवं."

"मॅडम, चौथं वाचणारा सहावं वाचत नाही. आणि सहाव्यापर्यंत कुणी जात नाही." त्यांनी पुढच्या बोटाला हात घातला. "काढायला गेलो तर सगळं गणित बिघडेल. एवढ्या गाड्या पेलत नाहीत म्हणून चौक नापास होईल. मग घरं अडतील. तुमच्या भावाचं पण आहे ना त्यात?"

हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. मी पेढे वाटले नव्हते.

"सुनावणीत कुणी विचारलं तर?"

"म्हणून तर तुम्हाला पाठवतोय. बाई समोर असली की लोक जरा कमी ओरडतात." त्यांनी नखं पानात गुंडाळून टोपलीत टाकली. एक तुकडा उडून माझ्या अहवालाच्या प्रतीवर पडला होता. तो मी कागदाच्या टोकाने ढकलून खाली पाडला, तरी ती प्रत हातात धरायला नंतर नको वाटायचं.

मला एक सुचलं होतं, आणि अजूनही मला ते बरोबरच वाटतं. डेपो हलवायचा तर हलवा, बस रात्री उभ्या करायला शहराबाहेर न्या. पण वसाहतीच्या तळमजल्यावर एक बसस्थानक ठेवा. खाली बस, वर घरं. मग कपातही खरी, घरंही राहतात, आणि भावासारख्यांना कामावर जायला पहिली गाडीही तिथूनच निघते. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. मी दोन दिवस बसून त्याचा नकाशा काढला आणि आधी भावाला सांगायला गेले.

तो ड्यूटी संपवून धुण्याच्या धक्क्याशी उभा होता. त्याचीच बस धुतली जात होती आणि तो चाकाच्या कडेचा चिखल पायाने खरवडून काढत होता. मी सगळं सांगितलं, शून्य मीटरसकट. तो हसला नाही.

"हे तू कुणाला सांगितलंस?"

"साहेबांना. आता सुनावणीत सांगणार आहे."

"सांगू नकोस."

"अरे, पण तू कामावर जाणार कसा? पहिली बस तू काढतोस. पहिल्या बसच्या आधी बस नसते."

"जाईन कसाही. ते माझं मी बघीन. घर मिळतंय ना, ताई."

"आणि बाकीचे लोक?"

"बाकीच्यांचं मला कशाला सांगतेस? बाकीचे कधी आले का विचारायला, तुझ्या पोरीचा खोकला कसा आहे म्हणून?" त्याचा आवाज चढला नव्हता. "तू तोंड उघडलंस की झालं, डेपोपलीकडचे ते बंगलेवाले घरं अडवायला टपूनच बसलेत. त्यांना हेच हवंय."

"मी घरं थांबवा असं म्हणतच नाहीये. खाली स्थानक ठेवा म्हणतेय. हा बघ नकाशा."

त्याने ओले हात पँटला पुसले, नकाशा घेतला आणि बराच वेळ पाहिला. बस कुठून आत येईल, कुठे वळेल, हे बोटाने फिरवून बघितलं. "छान आहे," तो म्हणाला. "वळायला जागा चांगली ठेवलीस." मग घडी घालून परत दिला. "पण तू बोलू नकोस. माझं एवढं ऐक."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तो हो समजला असावा.

डेपोच्या पलीकडे झाडीत बंगल्यांची एक जुनी कॉलनी आहे. सुनावणीला पुढच्या दोन रांगा त्यांनीच भरल्या होत्या. काहींनी पाठीला लावायला घरून उशा आणल्या होत्या. सभागृहाबाहेर त्यांच्या गाड्या अशा लागल्या होत्या की बसला वळता येईना, आणि आत हे लोक वाहतुकीच्या काळजीने हैराण झाले होते. त्यांचे पुढारी एक निवृत्त न्यायाधीश. पांढरेशुभ्र बूट, गोड आवाज, बोलताना हाताचे पंजे जोडून छातीशी धरायची सवय.

"आमचा विरोध घरांना अजिबात नाही," न्यायाधीश म्हणाले. "घरं व्हावीत. गोरगरिबांना मिळावीत. फक्त आमच्या चौकाला हा भार सोसणार नाही, एवढंच आमचं नम्र म्हणणं आहे."

मी व्यासपीठावर बाजूला बसले होते, त्यामुळे पहिल्या रांगेत त्यांच्या बायको शेजारणीच्या कानाला लागून काय बोलत होत्या ते मला नीट ऐकू येत होतं. "एकेका खोलीत सात-आठ जणं राहतात हो. आणि मग सगळी आपल्या बागेत येऊन बसणार." शेजारीण म्हणाली, "कपडे वाळत घालतील समोर." दोघींनी एकाच वेळी बिस्किट चहात बुडवलं. वाहतूक हा शब्द हे लोक नाकाला रुमाल लावावा तसा वापरत होते. मला त्यांची शिसारी आली. त्यांच्या उशांची, बिस्किटांची, न्यायाधीशांच्या जोडलेल्या पंजांची. आणि माझ्या शेजारी बसून दातातली बडीशेप जिभेने काढणाऱ्या साहेबांचीही तेवढीच.

भाऊ अगदी मागे भिंतीला टेकून उभा होता, खाकी गणवेशातच. ड्यूटीवरून थेट आला असावा.

समोर नगररचना खात्याच्या अधिकारीबाई होत्या. त्यांनी अहवाल उघडला. या बाईंनी तो सलग वाचला होता हे त्यांनी पान उलटलं तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, कारण त्या थेट सहाव्या प्रकरणावर गेल्या.

"ही जी कपात धरली आहे, तिचा आधार काय?"

साहेब माझ्याकडे झुकून पुटपुटले, "सार्वजनिक वाहतुकीची उपलब्धता म्हणा आणि बसा."

मी उभी राहिले. त्या तीन शब्दांपुरती मी उभी राहिले असते आणि बसले असते तर आज ही गोष्ट सांगायला लागली नसती. पण घशापर्यंत आलेलं सगळं परत गिळायचं, तेही त्या माणसाच्या कुजबुजीवर, हे मला जमलं नाही. मी मागे भावाकडे पाहिलं. त्याने मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून.

"आधार चुकीचा आहे," मी म्हणाले. मग सगळं सांगितलं. डेपो जिथे आहे तिथेच घरं होणार आहेत, म्हणून तो शून्य मीटरवर दिसतो. प्रत्यक्षात तो शहराच्या टोकाला जाणार आहे. एकाच अहवालात बस गेल्याचाही फायदा घेतला आहे आणि बस असल्याचाही. हे सांगून मी नकाशा वर धरला. तळमजल्यावर बसस्थानक ठेवलं तर हे सगळं सरळ होतं आणि एकही घर कमी करावं लागत नाही, असं मी अगदी स्पष्ट म्हटलं. दोनदा म्हटलं.

पण दुसऱ्यांदा म्हटलेलं कुणाला ऐकूच गेलं नाही, कारण टाळ्या सुरू झाल्या होत्या. पुढच्या दोन रांगांतून. न्यायाधीश उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांच्या बायकोने कप खाली ठेवला आणि हात मोकळे करून वाजवल्या. आयुष्यात माझ्यासाठी कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आणि वाजल्या त्या या लोकांच्या हातांनी. टाळ्या थांबल्या तेव्हा मी मागे पाहिलं. भिंतीपाशी कुणी नव्हतं.

अधिकारीबाईंनी माझा नकाशा घेतला आणि त्यावर लिहिलं, 'सूचना नोंदवली.'

पुढे काय झालं ते मला साहेबांनीच हसत हसत सांगितलं. कपात रद्द झाली, फेऱ्या वाढल्या, चौक नापास झाला. म्हणजे आता फेऱ्या कमी करायला हव्यात. तळमजल्यावरचं बसस्थानक टॉवर बांधणाऱ्यांना नको होतं, कारण चार खोल्यांचा फ्लॅट घेणाऱ्याला खाली बसचा धूर चालत नाही. मग राहिला एकच उपाय, घरं कमी करायची. कुठली?

इथे आमच्या धंद्यातली आणखी एक गंमत आहे. गाड्यांच्या फेऱ्यांचा दर आम्ही घरामागे धरतो. घर एका खोलीचं असो की चार खोल्यांचं, दर एकच. दोन गाड्या ठेवणारं घर आणि सायकलही नसणारं घर आमच्या तक्त्यात सारखंच गर्दी करतं. छोटी घरं संख्येने जास्त होती आणि थोड्या जागेत पुष्कळ मावत होती. त्यामुळे तीच कापली की कागदावरच्या फेऱ्या भराभर उतरतात. टॉवर जसेच्या तसे राहिले. मागच्या बाजूच्या छोट्या घरांपैकी बहुतेक गेली आणि त्या जागेवर टॉवरवाल्यांसाठी बाग आली. ज्यांच्याकडे गाड्याच नाहीत अशी माणसं कमी करून आम्ही गाड्या कमी केल्या.

"सर, या घरांत एकही गाडी नाही," मी म्हटलं. "आराखड्यात त्यांना गाडी लावायला जागासुद्धा दिलेली नाही."

"दर घराला असतो, मॅडम. माणसाला नाही, गाडीला नाही. हे तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला?" त्यांनी नवी प्रत माझ्यापुढे सरकवली. "हिशेब तुमच्याच हट्टाने नव्याने झाला. बघा, आता कुठे म्हणून चूक नाही. चौथं आणि सहावं अगदी जुळतंय."

मी शेवटचं पान उघडलं. साहेबांचं वाक्य तिथे होतंच. 'छोट्या घरांच्या संख्येत किंचित घट करण्यात आली आहे.'

मी सही केली नाही. मेव्हण्याने केली. माझ्या सहीवाचून कुणाचंही काही अडलं नाही. मी अधिकारीबाईंकडे गेले, तर त्या म्हणाल्या की तुम्ही फार प्रामाणिक आहात, पण हरकतींची मुदत आता संपली. चहा विचारला. मी घेतला नाही.

भावाचं नाव कापलेल्या घरांत होतं. मी सांगायला गेले तेव्हा त्यांना आधीच कळलं होतं. मला वाटलं होतं तो ओरडेल. मी तयारी करून गेले होते, ओरडून घेईन, उत्तर देणार नाही. तो खाटेवर बसून गणवेशाचं बटण शिवत होता आणि त्याने वर बघून नुसतं विचारलं, "जेवलीस?" भावजय माझ्याकडे पाठ करून उभी होती. जमिनीवरच्या खडूच्या रेघा कुणीतरी ओल्या फडक्याने पुसल्या होत्या, पण त्या पुरत्या गेल्या नव्हत्या.

डेपो पडला तेव्हा क्वार्टरही पडल्या. आता ते तिघं माझ्याकडे राहतात, माझ्या दोन खोल्यांत. कपाट भिंतीला चिकटून आहे. भावजय माझ्याशी बोलते, पण ताई न म्हणता, पाहुण्याशी बोलावं तशी. घर माझं आणि पाहुणीही मीच, असं काहीतरी झालंय. नोकरी मी सोडलेली नाही. सोडायची तर या दोन खोल्यांचं काय करायचं हा प्रश्न आहे, आणि म्हणून रोज सकाळी मी किंचितसाहेबांना गुड मॉर्निंग म्हणते.

नव्या डेपोपर्यंत कामगारांसाठी गाडी सुरू होणार होती. ती पुढच्या टप्प्यात आहे. त्यामुळे पहाटे मी भावाला स्कूटरवर सोडायला जाते आणि एकटी परत येते. आमच्या मोजणीत याच्या दोन फेऱ्या होतात. बस दाराशी होती तेव्हा यातली एकही नव्हती.

परवा आम्ही त्या चौकात थांबलो होतो. दिवा लाल होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"रिकामा आहे, जा ना," भाऊ मागून म्हणाला.

"लाल आहे."

"रिकाम्या चौकात लाल दिव्याला थांबणारी या शहरात तू एकटीच." फार दिवसांनी तो माझी चेष्टा करत होता. मी आरशात त्याचं तोंड बघायचा प्रयत्न केला.

तेवढ्यात पलीकडून फिरायला निघालेली चार-पाच माणसं रस्ता ओलांडू लागली. सगळ्यांत पुढे पांढरे बूट. मी हेल्मेटची काच खाली करायच्या आत न्यायाधीशांनी मला ओळखलं आणि रस्त्याच्या मध्येच थांबून पंजे जोडले.

"अहो मॅडम, तुम्हीच ना त्या? आमची अख्खी कॉलनी तुमची ऋणी आहे. तुम्ही त्या दिवशी खरं बोलला नसता तर आज इथे काय झालं असतं, कल्पना करवत नाही." ते जवळ आले आणि त्यांनी माझ्या हँडलवर, माझ्या हाताच्या अगदी शेजारी, आपला हात ठेवला. मऊ, स्वच्छ, साबणाचा वास येणारा हात. मग त्यांनी मागे बसलेल्या खाकी कपड्यांकडे मायेने पाहिलं. "फार सच्ची बाई आहे ही, बरं का."

"हो," माझा भाऊ म्हणाला. "बहीण आहे माझी."

न्यायाधीशांना याचं अधिकच कौतुक वाटलं. ते आणखी काहीतरी बोलत होते. माझं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं, मी मागून भावाचा काही शब्द येतोय का ते ऐकत होते. दिवा हिरवा झाला तरी माझा पाय जमिनीवरून उचलला जाईना.

"चल, ताई," तो म्हणाला. "पहिली गाडी माझी आहे. लोक थांबलेले असतात."